तिथी, भरती आणि जयणा

भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना आपण समुद्राच्या शेजारी राहतो, याचा विसर पडलेला असतो. लोहमार्गाच्या या बाजूला दुकाने, गाळे आणि उंच इमारतीच नजरेस पडतात. परंतु जेसल पार्कच्या चौपाटीवर थोडा वेळ स्वस्थ बसले, की समोरची वसईची खाडी आपला नित्याचा व्यवहार उलगडून दाखविते. उल्हास नदीचे पाणी येथून समुद्राकडे जाते आणि दिवसातून दोन वेळा समुद्राचे पाणी त्याच वाटेने आत येते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा त्यावर निवट्या उड्या मारताना दिसतात. भरती आली की तो चिखलच नाहीसा होतो. भाईंदरची मिठागरे याच येण्याजाण्यावर उभी राहिली. उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, बांधांत कोंडावयाचे आणि उन्हात आटवावयाचे, हा त्यांचा क्रम होता.

या येण्याजाण्याचे वेळापत्रक आपल्या घरातच टांगलेले असते. आपण आयंबिल, उपवास आणि लिलोतरीचा त्याग यांसाठी तिथी पाहतो. समुद्रही तिथीच पाळतो. पौर्णिमा व अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांचे आकर्षण एकत्र होते आणि एक-दोन दिवसांत मोठे उधाण येते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते, तितकेच खालीही उतरते. अष्टमीच्या सुमारास हे आकर्षण काटकोनात विभागले जाते. भरती लहान आणि ओहोटीही लहान. कोळी बांधव या दिवसांना भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा व्यापारी घरांना विशेष आवडावा. पूर्वी पेढीवर बसणाऱ्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागे. त्यातील पाऊणकी येथे उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. द्वितीयेला दीड वाजता भरती. त्यात सुमारे सव्वासहा तास मिळविले, की पावणेआठला पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या आत भरती किंचित उशिराच पोहोचते. म्हणून किनाऱ्यावर जावयाचे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करीत असलेली भरती-ओहोटीची कोष्टके प्रमाण मानावीत. त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते. ओहोटीपुढील आकडा जितका लहान, तितका किनारा अधिक उघडा.

असा किनारा पाहण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनला पालिकेची बस जाते. उत्तन हे कोळ्यांचे गाव. तेथील चालीरीती व उपजीविका यांचा मान राखूनच आपण जावे. तेथे काही ठिकाणी वाळूऐवजी काळा खडक आहे. पाणी ओसरले, की खडकांच्या खळग्यांत लहान लहान डबकी शिल्लक राहतात. प्रथम त्यांत काहीच दिसत नाही. पाच मिनिटे न हलता पाहिले, तर रिकामा वाटलेला शंख चालू लागतो, कारण त्यात खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. खडकावरील खरखरीत पांढरे ठिपके हे चिकटून राहणारे जीव असतात. पाण्याखाली गेले की झाकण उघडून ते अन्न गोळा करतात. फुलासारखे दिसणारे समुद्रफूल हाही प्राणीच. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन अशा जीवांची ओळख करून देत आहे.

पाठशाळेत शिकलेल्यांना यातील काही नावे अपरिचित नाहीत. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त शंख आणि कवडी यांची गणना द्वींद्रिय जीवांत केली आहे, तर प्रवाळाची पृथ्वीकायात. आजचे जीवशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. वर्गीकरण भिन्न असले, तरी तो सजीव आहे याविषयी दुमत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जेथे पावलोपावली जीव आहेत, तेथे आपण जावेच का? माझ्या मते जे पाठांतरात राहिले, ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून मुलांच्या मनात करुणा म्हणून उतरत नाही. परंतु जावयाचे ते जयणेनेच. मोठे जथे नकोत. कोरड्या, मोकळ्या खडकावरच पाऊल ठेवावे. दगड उलटू नये, कारण त्याच्या सावलीतील जीव उन्हाने मरतात. रिकामा शंखही उचलू नये. तो पुढच्या खेकड्याचे घर असतो.

आपल्या जीवदयेलाही येथे थोडे आवरावे लागते. डबक्यात अडकलेला मासा पाहून त्याला उचलून समुद्रात सोडावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते डबके अनेक जीवांचे नेहमीचे घर असते आणि काही तासांत समुद्र स्वतःच तेथे येणार असतो. कुरमुरे वा पीठ टाकल्यास ते कुजून त्या ओंजळभर पाण्यातील प्राणवायू संपतो. तेथे हात न लावणे हीच दया.

परतीची वेळ मात्र घड्याळावर ठरवावी. पाणी समान हप्त्यांनी परत येत नाही. स्थूल हिशेबाने भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन बारांश, तर तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तीन बारांश पाणी चढते. उधाणाला चार मीटरचा फरक धरला, तर मधल्या दोन तासांतच दोन मीटर! म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि ओहोटीची वेळ होताच किनाऱ्याकडे वळावे. मुलांना समुद्राच्या बाजूला उभे करू नये.

चातुर्मासात समुद्र खवळलेला असतो. साधू-साध्वींप्रमाणे आपणही तेव्हा हा विहार टाळावा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि उधाणही येते. त्यानंतरच्या वद्य बीजेला पाऊणकीप्रमाणे ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयानंतर, येते. त्या दिवसाचे कोष्टक पाहून घरातील मुलांकडूनच वेळेचा हिशेब करून घ्यावा आणि मग निघावे.