अठरा माणसं, चौदा मतं

१.
टोरांटोत यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ माँट्रियलची १८८५ सालची इमारत आहे. १९९३ पासून आइस हॉकीचं हॉल ऑफ फेम तिथे नांदतंय. वर रंगीत काचांचा घुमट. बँकेची तिजोरीची खोली अजून आहे. लॉर्ड स्टॅनलींनी १८९२ मध्ये दिलेलं स्टॅनली कपचं मूळ भांडं आता तिच्यात ठेवलंय.

२.
नियम थोडेच. निवृत्तीनंतर तीन वर्षं थांबायचं. निवड समिती अठरा जणांची. तीन-चतुर्थांश मतं हवीत. सगळे हजर असतील तर चौदा. वर्षाला जास्तीत जास्त चार पुरुष आणि दोन महिला खेळाडू. कोणाच्या नावावर किती मतं पडली, कोण एका मताने हुकला, हे बाहेर सांगत नाहीत.

३.
बेसबॉलच्या हॉलमध्ये मतांचे आकडे उघड. २०२० मध्ये डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ मतं मिळाली. लोक अजून त्या एकाला शोधताहेत.

४.
गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट : ४५९ विजय, स्टॅनली कप नाही. पहिल्याच संधीला, २०२३ मध्ये आत.
गोलरक्षक कर्टिस जोसेफ : ४५४ विजय, स्टॅनली कप नाही. २०१२ पासून पात्र. बाहेर.

५.
ख्रिस ऑसगुड : ४०१ विजय, तीन कप. तोही बाहेर. जोसेफला विचारतात, कप कुठाय? ऑसगुडला विचारतात, संघ कोणाचा होता?

६.
आकड्यांवर विसंबायचं तर आधी साल बघावं. १९८१-८२ मध्ये एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग) एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. २००३-०४ मध्ये पाचाहून जरासे जास्त. गोलरक्षकांचं सामान अवाढव्य झालं, बचावाचे डावपेच कसले गेले. त्यामुळे ऐंशीच्या दशकातले हजार गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आणि नंतरचे हजार गुण एकाच तराजूत टाकता येत नाहीत. शिवाय शेजारी कोण खेळत होतं तेही बघावं लागतं. बर्नी निकोल्सचे १९८८-८९ मध्ये ७० गोल, १५० गुण. त्याच मोसमात वेन ग्रेट्झकी त्याच्या संघात दाखल झाला होता. निकोल्सचे कारकिर्दीतले १,२०९ गुण समितीला अजून पुरेसे वाटलेले नाहीत. ग्रेट्झकीसोबत खेळणं हा गुन्हा नव्हे, पण त्याचा दंड भरावा लागतो असं दिसतं.

७.
बॉब गेनी : १,१६० सामने, फक्त ५०१ गुण. १९९२ मध्ये आत. समोरच्याला गोल करू न देणं हेच त्याचं काम होतं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

८.
१९९२-९३ च्या मोसमात दोघांचे ७६-७६ गोल. टीमू सेलाने २०१७ मध्ये, पात्र ठरताच आत. अलेक्झांडर मोगिल्नी २००९ पासून पात्र होता. त्याला बोलावणं आलं २०२५ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत त्याने एकही गोल केला नाही, हे वेगळं सांगायला नको.

९.
निवडीच्या निकषांत खेळाइतकंच 'चारित्र्य'ही आहे.
हॅरॉल्ड बॅलर्ड, टोरांटो मेपल लीफ्सचे मालक. फसवणूक आणि चोरीबद्दल १९७२ मध्ये दोषी, तुरुंगवास. १९७७ मध्ये खेळ उभारणाऱ्यांच्या विभागात निवड. अजून यादीत.
ॲलन ईगलसन, खेळाडू संघटनेचे प्रमुख. १९८९ मध्ये निवड. १९९८ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी. राजीनामा द्यावा लागला.
गुन्हा आधी उरकून घेतलेला बरा.

१०.
गिल स्टाइन, एनएचएलचे अध्यक्ष. १९९३ मध्ये निवड. स्वतःची वर्णी लागावी म्हणून त्यांनीच सूत्रं हलवल्याचं चौकशीत निघालं. सन्मान सोडला.

११.
२८ सप्टेंबर १९७२, मॉस्को. सोव्हिएत संघाविरुद्धचा आठवा सामना. ३४ सेकंद बाकी असताना पॉल हेंडरसनने गोल मारला आणि कॅनडाने मालिका जिंकली. कॅनडात ज्यांना कळत होतं, त्या सगळ्यांना आपण तेव्हा कुठे होतो हे आठवतं. एनएचएलमध्ये त्याचे २३६ गोल. हॉलमध्ये तो नाही. हरलेल्या संघाचा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक एनएचएलचा एकही सामना न खेळता १९८९ मध्ये आत गेला. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर आहेत. हे टोरांटोच्या बारमध्ये मोठ्याने बोलू नये.

१२.
पहिली निवड १९४५. पहिल्या महिला खेळाडू, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनाटो, २०१० मध्ये.

१३.
गॉर्डी हाव, गी लाफ्लर, मारियो लेम्यू. तिघंही हॉलमध्ये गेल्यावर पुन्हा खेळायला उतरले.

१४.
विली ओरी. एनएचएलचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९५८. उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं; ते लपवून खेळला. सामने ४५, गोल ४. २०१८ मध्ये निवड, खेळाडू म्हणून नव्हे, खेळ उभारणाऱ्यांत.

१५.
२०२५ च्या यादीनंतरही जे बाहेर आहेत, त्यांच्यावर माझं मत, कोणी विचारलेलं नसताना : थिओ फ्ल्यूरी (१,०८४ सामने, १,०८८ गुण) हो. जोसेफ हो. ऑसगुड नाही. निकोल्स नाही. रॉड ब्रिंडामोर हो, आणि त्याला आधीच उशीर झालाय.