माथेरानची आगगाडी

माथेरानला जायचे ते गाडीनेच, असा आमच्या घरचा दंडक होता. १९६५ च्या मे महिन्यात नेरळला ती प्रथम पाहिली, तेव्हा वाटले, ही तर खेळण्यातली! रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. पण इंजिनाने धापा टाकीत चढ धरला आणि दर वळणाला दरी अधिकच खोल दिसू लागली. 'वॉटर पाइप' स्टेशनात इंजिन पाणी प्यायले. आम्ही डब्यातले लाडू संपवले. वाटेतल्या इवल्याशा बोगद्याला 'वन किस टनेल' का म्हणतात, असे मी विचारताच वडीलमंडळी एकाएकी डोंगराची शोभा पाहू लागली.

आदमजी पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून १९०७ साली ही गाडी सुरू केली. पाऊस मात्र तिला स्वस्थ बसू देत नाही. २००५ च्या पुराने मार्ग उखडला; तो २००७ मध्ये उभा राहिला. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला. २०२२ च्या ऑक्टोबरात गाडी पुन्हा नेरळहून वर चढली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेलो. आता इंजिन डिझेलचे. डोळ्यांत कोळशाचा कण जात नाही. वीसेक किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, तो मात्र तसाच. मोटार लवकर पोचते खरी, पण दस्तुरीला थांबते. गावात मोटारींना मज्जाव आहे. गाडी मात्र गावात शिरते. नात सारा वेळ खिडकीशी होती, वानरे मोजीत.

पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही. तेव्हा मंडळी, दिवाळीचा फराळ डब्यात भरा आणि आताच निघा!