आबा मोठ्याने बोलतात

आमचे आबा मोठ्याने बोलतात. इतके मोठ्याने की, नवखा माणूस दारात आला तर त्याला वाटावे, या घरात भांडण पेटले आहे. प्रत्यक्षात आबा आजीकडे चहा मागत असतात. आमच्या आळीत घड्याळ नसले तरी चालते. आबांनी गोळी मागितली म्हणजे सकाळचे आठ वाजले आणि आबा बातम्यांवर चिडले म्हणजे संध्याकाळचे सात, असा शेजाऱ्यांचा हिशेब ठरून गेला आहे. संपादक मंडळाने मासिकासाठी ‘प्रवासवर्णन किंवा ललित’ मागितले होते. प्रवास म्हणाल तर माझा गाव ते कॉलेज एवढाच झाला आहे, तोही एस.टी.त उभ्याने. तेव्हा आबांवरच लिहिते.

आबांचा हा आवाज मुळात त्यांचा नाही, तो गिरणीचा आहे. मुंबईच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात त्यांनी दोन साचे चालवले. शेकडो साचे एका छपराखाली खडाखडा चालू, धोटा इकडून तिकडे आपटतोय, पायाखालची फरशी थरथरते आहे, अशा ठिकाणी आठ तास उभे राहायचे. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. पण साचा सोडून जाता येत नसे, म्हणून मग हाताच्या खुणा आणि ओठांची हालचाल. साचेखात्यातली माणसे एकमेकांचे ओठ वाचत. आबा सांगतात, “जाबर मालकाफुडं काय बोलतोय ते आमाला लांबनं कळायचं. त्याला वाटायचं, आमाला काय बी ऐकू येत न्हाई. येत न्हवतंच. पर कळायचं.”

आबा मुंबईला गेले ते १९६८ साली. त्याच्या आदल्या वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावातली कितीतरी घरे बसली, त्यात आमचेही एक. आबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. ती रात्र त्यांनी अंगणात घोंगडीत काढली आणि पुढचे दोन महिने दगड वेचले. भिंत उभी राहिली, पण घरात दाणा नव्हता. गावचे निम्मे पुरुष आधीच मुंबईत होते, कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी भातबाजारात हमाली करायला. आबाही एका चुलत्याच्या मागे निघाले.

तिथल्या खोलीचे वर्णन त्यांच्याच तोंडून ऐकावे. दहा बाय पंधराची गावकीची खोली आणि तिच्यात तीस-बत्तीस माणसे. म्हणजे बिछाने तीस नव्हेत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. पेट्या भिंतीला, कपडे दोरीवर, जेवण खानावळीत. “अंथरुण कदी गार झालंच न्हाई बग,” असे आबा म्हणतात, आणि हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत. मला मात्र होस्टेलवर तिघींची खोली अडचणीची वाटणाऱ्या माझ्या मैत्रिणी आठवतात.

पहिली चार वर्षे ते बदली कामगार होते. सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. बदली मिळे ती बहुधा कार्डिंगमध्ये. तिथे हवेत कापसाचे तंतू बारीक पावसासारखे तरंगत. भुवया, पापण्या, मिशा सगळे पांढरे होई. पंचविशीतली माणसे साठीची दिसत. सुटीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळून येई. बाकीचे दिवस थोडे बरे, पुढची सुटी झाली की पुन्हा तेच. खात्यातली माणसे याला पहिल्या दिवसाचा दमा म्हणत आणि पाळी सुटल्यावर गुळाचा खडा चघळत. आज आपण पुस्तकात वाचतो की कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाचे हेच लक्षण आहे. रोगाचे नाव मी आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “नाव न्हवतं म्हाईत, तवा नुसताच खोकला हुता.”

छातीतला खोकला आणि कानातले बहिरेपण एवढी दोनच गिरणीची मिळकत त्यांच्याजवळ आज शिल्लक आहे. पेन्शन नाही. सरकारकडून महिन्याला दीड हजार रुपये येतात, ते कधी वेळेवर तर कधी तीन महिन्यांचे एकदम.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात आटोपला आहे: सुमारे अडीच लाख कामगार, नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांचे, परिणामी गिरण्या बंद. सरांनी तो परिच्छेद वाचला आणि ‘परीक्षेला टीप येऊ शकते’ म्हणून पुढे गेले. मी घरी येऊन आबांना विचारले, संप संपला कधी? ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले, म्हणजे प्रश्न कळला होता. मग म्हणाले, “कुटं संपलाय?” मला ते त्यांचे नेहमीचे तिरकस उत्तर वाटले. पुढे वाचनालयात शोधले तेव्हा कळले की तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसे एकेक करून पांगली, इतकेच.

आबांनी दहा महिने वाट पाहिली. सुरुवातीला गावाहून तांदूळ-नाचणी जायची; मग खानावळवालीचे देणे झाले, मग पेटी विकली. दिवाळी झाल्यावर ते गावी आले आणि परत गेले नाहीत. घरी दोन मुलगे, एक मुलगी, म्हातारी आई आणि दीड एकर भाताची जमीन. जो माणूस चौदा वर्षे जत्रेला आणि लावणीला पाहुण्यासारखा येत होता, तो आता रोजच घरात.

आजपर्यंत मी ही गोष्ट आबांच्या बाजूने ऐकत आले होते. एकदा भात कांडपाला नेताना आजीला विचारले, “तुला तेव्हा काय वाटलं गं?” ती चालता चालता म्हणाली, “लोकांच्या गिरन्या गेल्या. मला नवरा गावला.” थोडे अंतर गेल्यावर पुढे म्हणाली, “पर तो वरडायचा किती! मला वाटायचं, ह्यो माज्यावर सारका रागावलेलाच. दोन वर्सं गेली मला समजाया, की ह्याला ऐकूच येत न्हाई.” लग्नाला बारा वर्षे झाल्यावर आपला नवरा बहिरा आहे हे एका बाईला कळावे, याला काय म्हणावे? सुटीच्या पंधरा दिवसांत ते लक्षातच आले नव्हते. मनीऑर्डरीला कान लागत नाहीत. या वर्षी मराठीच्या तासाला जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाविषयी बोलणे झाले. संपाने मोडलेल्या गिरणगावातल्या एका घराचे ते नाटक आहे. सर म्हणाले, या विषयावर अजून पुष्कळ लिहायचे राहिले आहे. मला आमची आजीच आठवली. पण तिला विचारणार कोण?

ओठ वाचण्यावर आबांचे आयुष्य ठीक चालले होते. बाजार, देवळातली बैठक, सोसायटीची सभा, कुठे अडले नाही. २०२० साली करोना आला आणि सगळ्यांनी तोंडे बांधली. त्या दिवसांत आबा एकदम गप्प झाले. रेशनच्या दुकानदाराने काही विचारले की नुसतीच मान हलवायचे. दवाखान्यात डॉक्टर मास्कमधून विचारीत आणि आबा त्यांच्या डोळ्यांकडे पाहत उभे. मी तेव्हा आठवीत होते. घरात सगळ्यांना वाटले, म्हातारपण आले, मन लागत नाही. एके दिवशी आजीने भाकरी थापता थापता पदर तोंडावरून खाली घेतला आणि म्हणाली, “त्यास्नी दिसत न्हाई आपलं बोलनं.” तेव्हापासून आम्ही घरात आबांशी बोलताना मास्क काढू लागलो. आशाताई रागावत, ते वेगळे.

आता आबा शहात्तर वर्षांचे आहेत. सकाळी रक्तदाबाची गोळी, मग वाफाऱ्याला चूळभर चहा (चहालाच ते वाफारा म्हणतात), मग शेताच्या बांधापर्यंत फेरी. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एस.टी. फुकट झाली, तेव्हापासून कराडला त्यांचे काहीना काही काम निघते. बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आजीला बरोबर चल म्हटले की तिचे एकच उत्तर, “तुमी फुकट, मला पैसं पडत्यात.” अशा वेळी त्यांचा तिच्यावर जो राग होतो तो पाहण्यासारखा असतो, आणि अर्थातच ऐकण्यासारखाही.

थोरले काका वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. आई-वडिलांना नवी मुंबईला न्यावे असे त्यांच्या फार मनात आहे. गिरणी कामगारांना घरे देण्याच्या योजनेतही त्यांनीच आबांचा अर्ज भरला. १९८२ च्या आरंभी जे कामावर होते त्यांना किंवा त्यांच्या वारसांना ही घरे मिळायची आहेत. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज लाखावर आणि घरे काही हजार. आबांचा नंबर अजून लागलेला नाही. त्यांचा तिकीट नंबर, विम्याचे कार्ड आणि अर्जाची पावती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असते. काका आले की पिशवी निघते, सगळे कागद मोजले जातात आणि पुन्हा आत जातात. “लागलं तर जाल का ऱ्हायाला?” असे मी एकदा विचारले. आबा म्हणाले, “ऱ्हायाला न्हाई. एकदा दार उघडून आत जाऊन यीन. तीस मानसांच्या खोलीत ऱ्हायलो, एकट्याची कशी असती बगतो.”

गेल्या पावसाळ्याच्या आधी तालुक्याला ज्येष्ठांसाठी शिबिर झाले. तिथे कान तपासून आबांना यंत्र मिळाले. एरवी ते असल्या गोष्टींना नाहीच म्हणतात. या वेळी मीच बरोबर असल्याने त्यांची सुटका झाली नाही. घरी येईपर्यंत त्यांनी दोनदा यंत्र काढले, कारण एस.टी.चा खडखडाट त्यांना साचेखात्यासारखा वाटला. घरी आल्यावर मात्र एकेक आवाज ओळखण्याचा खेळ सुरू झाला. हा कावळा, ही पत्र्यावरची चिंच, हे शेजारचे दळप. स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. “मी असा बोलतो व्हय?” म्हणाले. त्या संध्याकाळी आमच्या आळीला सात वाजल्याचे कळले नाही.

रात्री यंत्र काढून डबीत ठेवायचे असते. त्या रात्री ते विसरले किंवा त्यांनी मुद्दाम ठेवले, ठाऊक नाही. मध्यरात्री त्यांनी मला हलवून उठवले. त्यांच्या हातात बॅटरी होती. “कोन खोकतंय गं?”

आजी खोकत होती. ती कायमच खोकते. माझ्या आठवणीत तरी अशी रात्र नाही की आजी दोन-तीनदा उठून बसली नाही. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झालेली की कोणाची झोप मोडत नसे. घरात खोकल्याचा मान आबांचा. औषध त्यांचे, काढा त्यांचा, गूळ त्यांचा. तिच्याकडे कोणी वळून पाहिलेच नव्हते, आणि पाहायचे कारण तिनेही कधी दिले नव्हते. दिवसा ती त्यांच्यासमोर खोकताना तोंडाला पदर लावी, त्यामुळे त्यांना ते दिसतही नसे. आबा तिच्या उशाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, “कवापास्नं हाय ह्ये?” आजी म्हणाली, “झोपा. लई वर्सं झाली.”

दुसऱ्याच दिवशी आबा तिला कराडला घेऊन गेले. अर्धे तिकीट पडले, ते कोणी काढले नाही असा वाद मला संध्याकाळी कळला. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणे, पण तसे नसावे, आबांनीच पैसे दिले असावेत. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावले आणि विचारले, “आजी, विडी ओढता का?” आजी संतापली. डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर पन्नास वर्षे छातीत गेला की बाईची छाती विडी ओढणाऱ्यासारखीच होते. गॅस आमच्याकडे आला त्याला सात-आठ वर्षे झाली. पण भाकरी चुलीवरची आणि अंघोळीचे पाणीही चुलीवर, कारण सिलिंडर महाग. पाणी तापवायला पहाटे पाचला चूल पेटायची ती आबांसाठी. त्यांना कढत पाण्याशिवाय छाती मोकळी होत नाही.

आबांनी त्यावर काही भाषण केले नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप कसा ओढायचा ते मी आजीला शिकवत होते, तेव्हा ते बाजूला बसून माझ्या ओठांकडे पाहत होते. सकाळी मी उठले तर ते मागच्या दारी चुलीपाशी बसून फुंकणीने जाळ करत होते आणि भयंकर खोकत होते. आजी दारात कमरेवर हात ठेवून उभी. “आता दोगं बी मराल,” ती म्हणाली. मग बाबांनी पाण्याचा बंब अंगणात उघड्यावर मांडला. पाऊस लागला की पडवीच्या टोकाला नेतात. भाकरी अजून चुलीवरच होते. त्या बाबतीत आजी कोणाचे ऐकत नाही.

काका गणपतीला आले तेव्हा पुन्हा मुंबईचा विषय निघाला. तिथे मोठे दवाखाने आहेत, दोघांना दाखवू, असे ते म्हणाले आणि ते खोटे नाही. आजी जायला निम्मी तयार आहे, आबा नाहीत. की उलटे, हे मला अजून नीट कळलेले नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस जाऊन यावे, एवढे ठरले आहे. पिशवीतले कागद पुन्हा मोजून झाले.

यंत्र आबा दिवसा वापरत नाहीत. सगळ्यांचे ओठ दिसतात, मग कशाला, असे म्हणतात. रात्री अंथरुणावर टेकले की डबी उघडतात आणि यंत्र कानात बसवतात. झोपताना ते घालू नका असे शिबिरातल्या बाईंनी बजावले होते, ते मी त्यांना तीनदा सांगून पाहिले. कराडहून बॅटऱ्या आणायचे काम माझ्याकडे आहे.