लॉट नंबर

रंगून आलेल्या कापडात पट्टे निघाले आणि पैसे कारागिराच्या पगारातून कापले, हे आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

अमळनेरहून भुसावळ–सुरत लाइनीने उधन्याला उतरायचं, लिंबायतला नातेवाइकाच्या खोलीवर राहायचं आणि तोच ज्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, नेईल तिथे लागायचं. आमच्या खानदेशात हे कोणाला सांगावं लागत नाही. मी पांडेसऱ्याला वॉटरजेट मागावर लागलो. बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे. पुढे नजर चांगली म्हणून चेकिंगला घेतलं.

चेकिंगच्या टेबलावर काचेखाली ट्यूबलाइट असते आणि वरून कापड सरकत राहतं. तुटलेली तार, तेलाचा डाग, जाळं, जे दिसेल त्यावर खूण करायची. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक पॉइंट, नऊच्या वर गेला तर चार. पण धाग्याच्या लॉटचा फरक त्या काचेवर दिसत नाही. पॉलिस्टरचा धागा बनताना उष्णता किंवा ताण जरा बदलला, तर तो रंग कमी-जास्त पितो. कोरं कापड मात्र पांढरंच्या पांढरं. मिलमध्ये रंगात उकळल्यावरच पट्टा उघडा पडतो.

त्या वेळी गडद निळ्या रंगाचे तागे मिलमधून परत आले. उलगडून बघितले तर आडवे पट्टे, काठापासून काठापर्यंत, एका रेषेत सुरू आणि एका रेषेत बंद. म्हणजे बाण्याच्या, आडव्या धाग्याचा एक कोन संपला आणि पुढचा दुसऱ्या लॉटचा लागला. आता कोन कुठून येत होते? गोदामातून, क्रेटमध्ये सुटे भरून. लॉट नंबर खोक्यावर असतो आणि खोकी गोदामातच राहायची. कारागिराने काय वास घेऊन ओळखायचं? खात्याचा कारभार बघणाऱ्या मेहताजीला मी म्हटलं, गोदामात काळा दिवा, म्हणजे यूव्हीचा, लावा, त्याखाली वेगळ्या लॉटचा कोन बहुतेक वेळा वेगळा चमकतो. तो म्हणाला, "संचा नंबर कोणाचा? त्याचे कापा."

कारागीर पारोळ्याकडचा होता. मला म्हणाला, "भाऊ, यामा मनी काय चूक शे?" खाली मान घालून नाही, सरळ माझ्याकडे बघून विचारलं त्याने. तागा माझ्या टेबलावरून पास झाला होता, पण माझा पगार महिन्याचा. माझा एक रुपया कापला नाही.

तेव्हा 1936 चा वेतनाचा कायदा लागू होता. नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच कपात करता येते आणि त्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, असं त्यात होतं. इथे कोणी काही ऐकलं नाही.

मागावर होतो तेव्हा चेकर म्हणजे सेठचा माणूस, असंच मी धरून चाललो होतो. आज तेलकट हाताचा डाग दिसला तर मी सोडत नाही. त्याचे पैसे कापले तर मला वाईटही वाटत नाही, कारण हात पुसायला चिंधी मागालाच बांधलेली असते. लॉटचं तसं नाही.

पारोळ्याच्या त्या कारागिराचे पैसे परत मिळाले नाहीत. तो सुरतच्याच सचिन भागात दुसऱ्या खात्यात गेला, तिथेही मीटरवरच. गावाकडून नवीन पोरगा आला की मी त्याला सांगतो, कोन लावण्याआधी गोदामात जा, खोक्यावरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढ. मेहताजी ओरडला तरी काढ.