ज्योत का विझली?

गेल्या पौषात बेळगावची थंडी अंगाला झोंबत होती. नेमका तेव्हाच आमच्या न्हाणीघरातील गॅसचा गीझर रुसला. नळ सोडताच ज्योत फुलावी आणि क्षणार्धात विझावी, असा त्याचा क्रम चालला होता. आजी पंचा घेऊन तिष्ठत बसे.

मी दीड-दीड व्होल्टचे दोन्ही सेल बदलले, पाण्याच्या जाळीतील गाळ काढला. सारे व्यर्थ! अखेर बाबांनी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी सिलिंडर बंद करून आतील एक बारीक कांडी दाखविली. ज्योतीतून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह तिला मिळाला, तरच गॅसची झडप उघडी राहते. कांडीवर काजळी साचल्यामुळे समोरची ज्योतही तिला उमगत नव्हती.

कांडी पुसताच ज्योत टिकली. परंतु ती निळी नव्हती, पिवळी होती. मिस्त्रींनी वर पाहून विचारले, "झरोक्यात हे बोळे कोणी कोंबले?"

माझी मान खाली गेली. आजीला गारठा बाधू नये, म्हणून ते मीच कोंबले होते! हवा अपुरी पडली की गॅस पुरता जळत नाही. काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. बंद न्हाणीघरात माणूस नकळत बेशुद्ध होतो आणि प्राणासही मुकतो.

बोळे त्याच क्षणी निघाले. आठ दिवसांत गीझरही न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविला.

ज्या यंत्राला मी हट्टी म्हणून दूषणे दिली, त्याच्या त्या विझण्यानेच माझी आजी वाचली. माझ्या मायेत ज्ञानाची उणीव होती, हे मला त्या ज्योतीने शिकविले.