घाटावरचा जन्मदिवस

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे जे दोन भाग केले आहेत, त्यांना तेथील लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशाच नावांनी ओळखतात, आणि वऱ्हाडच्या जुन्या महसुली कागदांतील बालाघाट व पयानघाट हे शब्द मागे पडले असले तरी त्यांमागची भूगोलाची जाण या साध्या बोलण्यात टिकून राहिली आहे. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे आहे, कापसाची गावे आहेत, मुंबई-नागपूर लोहमार्ग आहे आणि त्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके आहेत. घाटावर पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचे उंचसखल पठार आहे, जिथे रेल्वे अजून पोहोचलेली नाही. मलकापूरहून मोताळ्याच्या वाटेने निघालेली गाडी राजूर घाटाची वळणे चढून बुलढाण्यास येते आणि पुढे चिखली, देऊळगाव राजा ही गावे मागे टाकीत सिंदखेड राजाला पोहोचते. एरवी ही वाट बाजाराची, कचेरीची आणि सोयरिकीची. परंतु जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यावरून कुटुंबेच्या कुटुंबे एका वाढदिवसाला निघालेली दिसतात, आणि तो वाढदिवस त्यांच्यापैकी कोणाचाच नसतो.

शहाजीराजे भोसले यांच्या पत्नी आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचा जन्म सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यात पौष पौर्णिमेला, शके १५१९ मध्ये झाला असे मानले जाते, आणि त्याची इंग्रजी तारीख १२ जानेवारी १५९८ अशी दिली जाते. आज त्यांच्या जन्मोत्सवाला जी गर्दी लोटते, तिच्यामागे मोठे संघटित श्रम आहेत: मराठा सेवा संघाची स्थापना १९९० मध्ये झाल्यानंतर या उत्सवाला राज्यव्यापी रूप आले, गावाजवळ जिजाऊ सृष्टी उभी राहिली, आणि ३ जानेवारी या सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिवसापासून १२ जानेवारीपर्यंतचे दहा दिवस जोडून साजरे करण्याची प्रथा पडली. सभामंडप, भाषणे आणि शोभायात्रा यांविषयी वृत्तपत्रे दरवर्षी लिहितात. येथे विचार करावयाचा आहे तो त्या गर्दीतील सर्वांत लहान घटकाचा, म्हणजे आजी, सून, नात, मुलगा आणि जावई अशा एका गाडीत मावणाऱ्या कुटुंबाचा, जे पहाटे उठून भाकरी, ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा बांधून घेते आणि कापसाच्या वेचणीचा एक दिवस सोडून हा घाट चढते.

हा सोडलेला दिवस लहान नव्हे. जानेवारीत कापसाची वेचणी अजून संपलेली नसते, तूर सोंगणीला आलेली असते आणि दोन दिवसांवर संक्रांत असते. वऱ्हाडातील शेतमजूर बाईच्या वर्षात सहलीसाठी वेगळा काढलेला दिवस फारसा नसतोच, आणि स्वतःच्या वाढदिवसासाठी तिने रोज बुडवला असे तर ऐकायलाही मिळणार नाही. त्याचे एक कारण असे, की तिला तो दिवस ठाऊकच नसतो.

या भागातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आधार कार्डावर जन्मतारीख पाहिली, तर पुष्कळदा १ जून किंवा १ जुलै अशी आढळते, आणि एकाच गावातील इतकी माणसे एकाच दिवशी जन्मली असतील असे कोणीही म्हणणार नाही. शाळेत नाव घालताना मुलाच्या जन्माचा कागद नसला, की मास्तर वयाचा अंदाज घेऊन शालेय वर्षाच्या आरंभीची तारीख लिहीत, आणि दाखल्यावर पडलेली ती तारीख पुढे नोकरी, निवृत्तिवेतन आणि ओळखपत्र यांतून जन्मभर सोबत राही. ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्या वाट्याला ही अंदाजाची तारीखसुद्धा फार उशिरा, मतदार यादीच्या किंवा निराधार योजनेच्या निमित्ताने आली. दुसऱ्या बाजूला कोतवाल बुक होते. कोतवाल बुक म्हणजे गावात झालेले जन्म आणि मृत्यू टिपून ठेवणारी नोंदवही, जिच्या नकला आता जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून शोधल्या जातात. आणि या नोंदींत अनेकदा बापाचे नाव, जात व तारीख असते, पण बाळाच्या जागी केवळ ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो, कारण बारसे होण्याआधीच नोंद झालेली असते आणि नंतर नाव भरायला कोणी परत आलेले नसते. म्हणजे एका कागदावर तारीख आहे आणि नाव नाही, दुसऱ्या कागदावर नाव आहे आणि तारीख खोटी आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये एक हाडामांसाची बाई सत्तर वर्षे जगून गेलेली आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या बायकांची पिढी अजून हयात आहे, आणि जिजाऊंच्या जन्मदिवसाला जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा तिलाच दिलेली असते.

ज्या बाईला स्वतःचा जन्मदिवस ठाऊक नाही, ती चारशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका बाईचा जन्मदिवस पाठ असल्यासारखा सांगते, यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. जन्मदिवस ही जन्मलेल्या व्यक्तीची मालमत्ता आहे, ही कल्पना केक आणि मेणबत्त्यांबरोबर अलीकडे आलेली आहे. त्यापूर्वी मराठी घरात जन्म साजरा होई तो इतरांनी धरून ठेवलेल्या आठवणीवर: आई औक्षण करी, आजी तिथी सांगे, आणि ज्याचा जन्म झाला तो पाटावर बसून असे. देवांच्या आणि थोरांच्या बाबतीत तर पाळणा हलवणारे आणि पाळणागीत म्हणणारे तेवढे उपस्थित असतात. याच जिल्ह्यात घाटाखाली शेगावला त्याचे दुसरे टोक पाहायला मिळते. गजानन महाराजांचा जन्म कधी आणि कोठे झाला हे सांगता येत नाही. ते लोकांच्या दृष्टीस पडले तो दिवस, २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी, हाच प्रकटदिन म्हणून पाळला जातो. जन्माचा पत्ता नसताना भक्तांनी पाहिल्याचा दिवस पुरेसा ठरतो, आणि सिंदखेडला जन्माचा वाडा व जन्माची तिथी हाती असतानाही तो दिवस पाहायला आलेल्या माणसांवाचून पुरा होत नाही.

तारखेचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. पौष पौर्णिमा ही चांद्रमासाची तिथी आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि अधिकमासाने ती तूट भरून काढली जाते, त्यामुळे ही पौर्णिमा दरवर्षी पुढेमागे सरकते आणि १२ जानेवारीशी क्वचितच जुळते. शिवाय ही १२ जानेवारी जुन्या ज्युलियन गणनेची आहे. युरोपातील काही देशांनी १५८२ मध्ये स्वीकारलेल्या आणि आज सर्वत्र चालणाऱ्या ग्रेगोरियन गणनेने त्या पौर्णिमेचा दिवस २२ जानेवारी १५९८ असा येतो. काटेकोरपणे पाहिले तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील १२ जानेवारी ही त्या जन्माची सौर वर्षगाठ ठरत नाही. तरीही ही तारीख बदलावी असे म्हणण्याचे कारण नाही, कारण मलकापूरच्या सुनेने आणि परभणीला दिलेल्या नणंदेने एकाच सकाळी एकाच दारात भेटायचे, तर दोघींना आधीपासून ठाऊक असलेला एक दिवस लागतो, आणि हे काम ही तारीख चोख करते. आजीच्या १ जूनने असे कोणाला कधी एकत्र आणले नाही. उणीव आहे ती तिथे.

लखुजीरावांचा वाडा गावातून जाणाऱ्या रस्त्यालगतच आहे. उंच दरवाजातून आत गेल्यावर जिथे जिजाऊंचे जन्मस्थान मानले जाते, तिथे १२ जानेवारीला सूर्योदयाच्या सुमारास पूजा होते आणि मग दिवसभर रांग सरकत राहते. रांगेत नऊवारी नेसवलेल्या, चंद्रकोर लावलेल्या लहान मुली फार असतात. आयांनी त्यांना जिजाऊंचा वेश दिलेला असतो आणि ‘जय जिजाऊ’ हा नमस्कार त्या परक्या माणसालाही न लाजता करतात. वाड्यापासून जवळच लखुजीरावांची भव्य समाधी आहे, जिच्या जतनाच्या कामात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव आणि रंगमहाल हेही याच गावात आहेत. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊ आणि शहाजी यांनी एकमेकांवर रंग उडवला आणि लखुजीरावांच्या तोंडून जोडा शोभून दिसतो असे उद्गार निघाले, ही बखरीतील कथा सांगणारे अनेक जण तिथे भेटतात. तिचे ऐतिहासिक मोल थोडे असले, तरी ती सांगताना आजीचा आवाज सैलावतो, आणि ज्या कुटुंबाने घाट चढताना वाटेत फारसे बोलणे केलेले नसते, त्याला ती बोलते करते.

या भेटीचे खरे वजन जाणवते ते मात्र लखुजीरावांच्या समाधीपाशी. रायगड, शिवनेरी, पुणे आणि पाचाड येथे जिजाबाई पत्नी म्हणून, माता म्हणून आणि राज्याचा आधार म्हणून भेटतात. सिंदखेड हे एकच ठिकाण असे, की जिथे त्या कोणाची तरी लेक आहेत. हे त्यांचे माहेर आहे. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांची हत्या करविली, तेव्हा १९ फेब्रुवारी १६३० च्या शिवजन्माला सात महिनेही उरले नव्हते. म्हणजे पोटात मूल असताना त्या बाईचे माहेर संपले. स्वराज्याच्या इतिहासात या घटनेचे राजकीय परिणाम सविस्तर लिहिले गेले आहेत आणि ते योग्यच आहे. पण बाळंतपणासाठी लेकीची वाट पाहणारा प्रदेश वऱ्हाड आहे, आणि तिथल्या बायकांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्या नातीला समाधीसमोर उभे करून ‘हे तिचे बाबा’ एवढेच म्हणणारी बाई इतिहासाचे एक पान अचूक वाचत असते.

म्हणून या सहलीत कुटुंबांनी आणखी एक काम करावे असे मनापासून वाटते. परतीच्या वाटेवर आजीला तिच्या जन्माविषयी विचारावे. तारीख तिला सांगता येणार नाही, पण तिच्या आईने सांगितलेले काही ना काही तिच्याजवळ असते: आखाजीच्या आधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, किंवा पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा ज्या साली नदीने गाव धुऊन नेले त्या पावसाळ्यात. पंचांगाच्या आधारे एवढ्यावरून दिवस नाही तरी पंधरवडा ठरवता येतो, आणि तो घरात दरवर्षी पाळता येतो. कागदावरची १ जून तशीच राहू द्यावी, तिची गरज कचेरीला आहे.

घाटाखाली परतणाऱ्या गाड्यांना देऊळगाव राजा लागतेच, आणि त्याच तालुक्यात मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव आहे. जवळच्या खडकपूर्णेवरील जलाशयाला संत चोखासागर असे त्यांचेच नाव दिलेले आहे. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली ज्यांचा मृत्यू झाला आणि पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी ज्यांची समाधी आहे, त्या चोखोबांच्या मरणाच्या जागा वारकऱ्यांना पाठ आहेत, पण जन्माच्या गावाकडे वळणाऱ्या गाड्या सिंदखेडच्या मानाने फार थोड्या. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा या दोघींनीही अभंग रचले. त्यांच्या जन्माची तिथी कोणत्याही नोंदीत नाही, त्यांचा पाळणा कोणी म्हणत नाही, आणि कोतवाल बुकातल्या त्या निनावी मुलींशी त्यांचे नाते जिजाऊंपेक्षाही जवळचे आहे. वाढदिवसासाठी घाट चढून आलेल्या कुटुंबाने मेहुणा राजाच्या रस्त्याला वळावे आणि नऊवारी नेसलेल्या मुलीला तिथेही उतरवून सोयराबाईंचे नाव सांगावे.