हर्णे बंदराची वाट आणि मागचा ब्रेक

दापोलीहून हर्णे सुमारे १६ किलोमीटर. अंतर थोडे, पण दापोली डोंगरमाथ्यावर आणि हर्णे समुद्रकाठी. त्यामुळे जाताना उतार, येताना चढ. वाटेत आसूद लागते. सुपारी-नारळाच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, थंड सावली आणि वळणामागून वळण. रस्ता देखणा आहे, तसाच ब्रेकची परीक्षा पाहणाराही आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही उभयता मोटरसायकलवरून या वाटेने निघालो. आसूदच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला की चाकातून चिरका आवाज येऊ लागला. ब्रेक लागत होता, पण आवाज असा की वाटसरू वळून पाहत. आम्ही गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, इंजिनाच्या ओढीवर वेग आवरला आणि दोन्ही ब्रेक बेताने वापरत हर्णे गाठले.

बाजारात एका गृहस्थांनी आपुलकीने सल्ला दिला, "दादा, दोन थेंब ऑइल सोडा, आवाज बंद होईल." शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी ते ऐकले आणि हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "आवाज बंद होईल दादा, पण त्याच्याबरोबर ब्रेकही बंद होईल. मागे वहिनी बसायच्या आहेत ना?"

मग त्यांनी चाक काढून आम्हाला सगळे दाखवले. पायाने पॅडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉडमुळे कॅम फिरतो आणि कॅम दोन ब्रेक शू बाहेर ढकलतो. शूवरचे लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासते, म्हणून चाक थांबते. घासणे हेच ब्रेकचे काम. तिथे तेल गेले की लायनर ते शोषून घेते आणि ऐन उतारावर ब्रेक लागतच नाही.

मग आवाज कशाचा? लायनर गुळगुळीत होऊन काचेसारखे चकाकू लागले, आत धूळ साचली किंवा ड्रमला गंज धरला, की लायनर नीट न धरता धरते-सोडते, धरते-सोडते. त्या थरथरीने ड्रम थाळीसारखा वाजतो. समुद्रकाठी खारी हवा गंज लवकर आणते. रात्री गाडी दवात राहिली तर सकाळी पहिले दोन-चार ब्रेक वाजतात आणि मग थांबतात. त्याची चिंता नको. दिवसभर वाजत राहिला तर मात्र चाक उघडलेच पाहिजे. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली, तर लायनर संपले असे समजावे. तिथेच गाडी थांबवावी.

आमच्या गाडीचे लायनर शिल्लक होते, पण वरून चकाकत होते. मिस्त्रींनी आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. आपली कितीतरी मुले गॅरेजात काम करतात. हवेच्या पाइपने ड्रम साफ करण्याची सवय त्यांनी सोडावी, नाका-तोंडाला फडके बांधावे.

पुढचे काम त्यांच्यावर सोपवून आम्ही किनाऱ्यावर गेलो. होड्यांतली मासळी काठाला आणण्यासाठी बैलगाड्या थेट पाण्यात घालायची इथली जुनी रीत. वाळूतच मासळीचे ढीग मांडून लिलाव पुकारला जातो. टोपल्या उचलणाऱ्या बायांची लगबग पाहिली की ताटातल्या माशामागचे कष्ट कळतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ही गजबज नसते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. जवळच कनकदुर्गावर दीपगृह आहे.

परतलो तेव्हा मिस्त्रींनी लायनर आणि ड्रम पॉलिश पेपरने हलके घासून पुसले होते. कॅमला बोटाच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले होते. लायनरला त्याचा स्पर्शही नव्हता. चाक बसवताना चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवल्या. ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आवळून त्याची पिन परत घातली. ही पिन विसरली आणि नट निसटला, तर प्लेट चाकाबरोबर फिरून चाक अडकू शकते. शेवटी पॅडल दोन-तीन सेंटिमीटर मोकळे चालेल आणि चाक हाताने सहज फिरेल, असा रॉडचा नट लावला. मोकळ्या रस्त्यावर सावकाश चार फेऱ्या मारल्या. आवाज गेला होता.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. गाडी ओल्या वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात घालू नये. गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी आणि नंतर थोडे अंतर सावकाश जात ब्रेक दाबून आतला ओलावा घालवावा. चालवताना पॅडलवर पाय टेकवून ठेवू नये. त्याने लायनर तापते आणि चकाकते. चेन ताणली की मागचे चाक सरकते, म्हणून ब्रेकही पुन्हा तपासावा. मागे डिस्क ब्रेक असला तरी नियम तोच, डिस्कला तेल किंवा पॉलिश लावू नये. बहुतेक साध्या गाड्यांच्या ब्रेक शूची जोडी एका दिवसाच्या रोजापेक्षा कमी पैशांत येते. मुलाबाळांना मागे बसवून गावी निघण्याआधी हा खर्च टाळू नये.